खेळ संपण्याची सोय

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले, २२ तारखेला राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरी झाली. देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी सांगितला गेला. त्याआधी महिनाभर महाराष्ट्रात वेगळेच नाट्य घडले होते. विधान परिषदेच्या सभागृहात बसलेल्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत जुलैमध्ये सर्वत्र फिरली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. या योगायोगावर बीड जिल्ह्यातील पारापारांवर जेवढे विनोद झाले, तेवढे अन्यत्र क्वचितच झाले असतील.

विनोद ओसरल्यावर गंभीर चर्चा मुलांवर येऊन थांबते. मोबाइल हातातून सुटत नाही, ही तक्रार आता बीड, अंबाजोगाई वा माजलगावच्या कॉलन्यांपुरती राहिलेली नाही. वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरही ती ऐकू येते. या चर्चेत आज पस्तिशी-चाळिशीत असलेला कोणीतरी हमखास म्हणतो, ‘आम्हीही लहानपणी रात्रंदिवस व्हिडिओ गेम खेळलो, आमचे काय बिघडले?’ हे वाक्य वरवर निरुत्तर करणारे आहे. त्या पिढीच्या आठवणी खऱ्या आहेत आणि बहुतेकांचे काही बिघडले नाही, हेही खरे. परंतु तो खेळ आणि आजचा खेळ एकाच जातीचा आहे का, हे तपासल्याशिवाय या वाक्यातून काढलेला निष्कर्ष स्वीकारता येत नाही. त्यासाठी त्या आठवणींकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

‘घरगुती संगणक’ या नावाचे खेळणे

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे जिल्ह्याच्या बाजारपेठांत जो ‘व्हिडिओ गेम’ मिळत असे, त्याचा पूर्वज जपानी होता. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये तेथे एक यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे सरळ अर्थाने घरचा संगणक. तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये त्याच्या असंख्य नकला निघाल्या. भारतात ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी हे संच आले आणि पुढे बिननावाच्या स्वस्त संचांनी बाजार भरून गेला. त्याला संगणक मात्र कोणी म्हटले नाही. तो ‘टीव्ही गेम’ किंवा नुसता ‘गेम’ होता. त्यात बसवायच्या चौकोनी डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटीत लाखो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. प्रत्यक्षात पाच-दहा खेळच नावे बदलून पुनःपुन्हा येत. ही फसवणूक दुसऱ्या दिवशी कळे आणि तिचे कोणाला फारसे दुःखही होत नसे. कारण त्या पाच-दहांत ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ आणि बदके मारण्याचा खेळ असे.

हा खेळ मुळात सामुदायिक होता. संच एकाच्या घरी, टीव्ही त्याच घरी, आणि गल्लीतील दहा-बारा मुले त्या खोलीत. रिमोट दोनच, त्यामुळे खेळणारे दोघे आणि बाकीचे सल्लागार. एक जीव गेला की रिमोट पुढच्याच्या हाती, हा अलिखित नियम. ‘कॉन्ट्रा’त सुरुवातीला विशिष्ट क्रमाने बटणे दाबली की तीस जीव मिळतात, ही विद्या कुठल्याही पुस्तकाविना मामाच्या गावाहून आलेल्या मुलाकडून जिल्हाभर पसरली. बंदुकीने पडद्यावरचे बदक कसे मरते, यावर तर वाद झडत. गोळी टीव्हीच्या काचेतून आत जाते, असे मानणारा एक पक्ष असे. वस्तुतः चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो उजेड टिपत असे. म्हणजे बंदूक काही सोडत नव्हती, ती फक्त पाहत होती. जुन्या काचनळीच्या टीव्हीबरोबर ती बंदूकही निकामी झाली.

आणखी एक गोष्ट त्या पिढीच्या सर्वांना आठवते, ती म्हणजे वीज जाणे. या यंत्रात खेळ साठवून ठेवण्याची सोय सहसा नव्हती. ‘मारिओ’ची आठ जगे आणि बत्तीस पातळ्या एका बैठकीत पार कराव्या लागत. सातव्या जगात असताना वीज गेली, तर ती आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा तास आणि त्याहूनही अधिक भारनियमन होते. परळीच्या औष्णिक केंद्रात १९७१ पासून वीज तयार होते. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात राज्यासाठी वीज बनत असे आणि उरलेल्या जिल्ह्यातील मुले ती यायची वाट पाहत बसत. पुढे २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी खुद्द परळीचे केंद्रच बंद ठेवण्याची वेळ आली. दुष्काळी जिल्ह्यात मुलांचा खेळसुद्धा पाणी-विजेच्या गणितातून सुटलेला नव्हता.

तो खेळ थांबत का होता?

आठवणींतून काढायचा मुख्य मुद्दा येथे आहे. तो खेळ संपत असे. तीन जीव, प्रत्येक पातळीला घड्याळ आणि अखेर पडद्यावर ‘गेम ओव्हर’ ही अक्षरे. वीज, आईची हाक, टीव्हीवरील बातम्यांची वेळ आणि रांगेत बसलेला पुढचा मुलगा, हे बाहेरचे अडसर होतेच. परंतु खेळाच्या आतही थांबण्याची व्यवस्था होती. याचे कारण नीतिमत्तेत नव्हते, व्यवहारात होते. कॅसेट विकली गेली की बनवणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हिशेब पूर्ण होई. त्यानंतर मूल ती दहा मिनिटे खेळले काय किंवा दहा महिने, कोणाच्या उत्पन्नात एका पैशाचाही फरक पडत नसे. मुलाला अधिक वेळ खिळवून ठेवण्यात कोणाचा आर्थिक हितसंबंध नव्हता.

याला अपवाद होता आणि तो सांगितलाच पाहिजे. बसस्थानकाजवळच्या पार्लरमधील नाण्यांवर चालणारी यंत्रे वेगळ्या हिशेबाने बनवलेली होती. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा खेळ आपल्याकडे त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ या नावानेच प्रसिद्ध झाला. त्यातील शत्रू मुद्दाम अवघड होते, कारण जीव लवकर गेला की दुसरे नाणे पडे. शिकवणीच्या फीमधून किंवा किराणा आणताना उरवलेल्या सुट्या पैशांतून नाणी तेथे गेली, हे त्या पिढीने नाकारू नये. मात्र त्या हव्यासाला खिशाची मर्यादा होती. खिशातील नाणी संपली की पार्लरवालाच बाहेर काढत असे. आजच्या पैशांच्या खेळाची बीजे टीव्हीच्या डब्यात शोधण्याऐवजी या नाण्यांच्या यंत्रात शोधावी लागतील.

हे चित्र रम्य वाटले तरी त्यात सगळे नव्हते. त्या खोलीतील दहा-बारा जणांत मुली जवळजवळ नसत. असल्या तर त्या घरची बहीण दारात उभी राहून पाहणारी. आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन आई-वडील पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेले की त्यांच्याबरोबर फडावर जाणाऱ्या हजारो मुलांच्या आठवणीत हा डबाच नाही. पाचटाच्या खोपीत ना टीव्ही होता, ना वीज. म्हणून ‘आमची पिढी’ असे म्हणताना ती जिल्ह्यातील कोणत्या घरांची पिढी, हेही लक्षात ठेवायला हवे.

एकच मेंदू, दोन वाटा

आता या आठवणींची दुसरी, क्वचितच सांगितली जाणारी बाजू. त्या ‘टीव्ही गेम’चा मेंदू ६५०२ या प्रोसेसरच्या कुळातील होता. याच कुळातील प्रोसेसर ब्रिटनमधील शाळांत १९८१ नंतर पोहोचलेल्या ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकात होता, आणि अमेरिकेतील ‘ॲपल २’मध्येही. म्हणजे बीडच्या मुलाच्या हातातील खेळणे आणि केंब्रिजच्या मुलापुढील संगणक आतून एकमेकांचे भाऊबंद होते. फरक इतकाच की, बीबीसी मायक्रो सुरू केला की पडद्यावर मारिओ धावत येत नसे. एक रिकामी ओळ लुकलुकत राही आणि तुम्ही काही लिहाल, याची वाट पाही. खेळ हवा असेल तर मासिकात छापलेला कार्यक्रम ओळीमागून ओळ टंकावा लागे. एखादे चिन्ह चुकले की खेळ चालत नसे. ती चूक शोधता शोधता मूल संगणक शिकून जाई.

याचे परिणाम इतिहासात नोंदलेले आहेत. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा खेळ लिहिला. जेमतेम ३२ किलोबाइट स्मृतीत त्यांनी हजारो ग्रहांचे विश्व बसवले. तेच ब्रेबेन पुढे ‘रास्पबेरी पाय’ या स्वस्त संगणकाच्या संस्थापकांपैकी एक झाले. २०१२ मध्ये आलेल्या या संगणकामागची प्रेरणाच ही होती की, आजची मुले संगणक वापरतात, पण तो उघडून पाहत नाहीत.

भारताने ही वाट अगदीच पाहिली नव्हती, असे नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि सुमारे अडीचशे शाळांना तोच बीबीसी मायक्रो दिला. साधारण त्याच काळात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती परवान्याने बाजारात आणली. शहरांतील मोजक्या घरांत ध्वनिफितीवरून खेळ चढवण्याचा तो कर्कश आवाज आजही काहींच्या कानात असेल. परंतु देशातील लाखो शाळांपुढे अडीचशे हा आकडा नगण्य होता. जेथे यंत्रे पोहोचली, तेथेही ती बिघडतील या धास्तीने कुलपात राहिली. मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांच्या वाट्याला ६५०२ कुळातील प्रोसेसर आला तो खेळण्याच्या रूपात. त्यातील काही संचांना कळफलक जोडलेला असे आणि सोबतच्या कॅसेटीत ‘बेसिक’ भाषाही असे. पण ते काय आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. मुले तो भाग ओलांडून पुढच्या खेळाकडे वळत.

एमएस-सीआयटीचे दिवस

जिल्ह्यात संगणक खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००१ नंतर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम त्या वर्षी सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यावर केज, धारूर, गेवराई, आष्टी अशा तालुक्याच्या गावांतही केंद्रे निघाली. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक आणि नोकरीच्या आशेवर असलेले पदवीधर अशी सरमिसळ एकाच बाकावर बसून माउस धरायला शिकली. पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ हा अनेकांचा पहिला संगणकीय खेळ ठरला आणि माउसचे पहिले प्रशिक्षणही.

या केंद्रांत आणि नंतर सायबर कॅफेंत मुलांनी जे दोन खेळ डोक्यावर घेतले, ते ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. ‘डेव्ह’ हा १९८८ चा खेळ जॉन रोमेरो या तरुणाने जवळजवळ एकट्याने लिहिला होता. कप उचलायचा, दार गाठायचे, अशा दहाच पातळ्या. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा जॉर्डन मेकनर यांचा १९८९ चा खेळ. राजकन्येला सोडवण्यासाठी त्यात साठ मिनिटांची मुदत होती. मुदत संपली की खेळही संपला. राजपुत्राची धाव इतकी जिवंत वाटे, कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उड्या मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून एकेक चित्र रेखाटले होते. हे दोघेही विद्यार्थिदशेत ‘ॲपल २’वर स्वतः कार्यक्रम लिहायला शिकलेले. आपल्याकडे जे खेळ म्हणून आले, ते दुसरीकडे कोणाच्या तरी अभ्यासाचे फळ होते.

शाळांत संगणक पोहोचवण्याची केंद्राची नवी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. महाराष्ट्रात ती ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या धर्तीवर खासगी कंपन्यांमार्फत राबवली गेली. शाळेत संगणक आले, शिकवणारे निदेशकही आले. परंतु कंत्राटाची मुदत संपली तसे निदेशक घरी बसले आणि त्यांना आझाद मैदानावर आंदोलने करावी लागली. यंत्रे शाळेच्या मालकीची झाली, तोवर त्यांतील बरीच जुनी झाली होती. संगणक कक्ष हा अनेक शाळांत पाहुण्यांना दाखवण्याचा, एरवी कुलूपबंद असा कक्ष होऊन बसला. १९८४ चीच गोष्ट नव्याने घडली.

रेल्वेआधी पोहोचलेला खेळ

बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. कैक दशकांची ती मागणी होती. परंतु त्याच्या नऊ वर्षे आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओच्या सेवेबरोबर स्वस्त इंटरनेट जिल्ह्यातील डोंगरकपारीपर्यंत पोहोचले होते. मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवण्याची ‘यूपीआय’ व्यवस्थाही त्याच वर्षीची. या दोन गोष्टी एकाच वर्षी हाती आल्या, हे मुलांच्या खेळाच्या इतिहासातील निर्णायक वळण आहे. पडदा खासगी झाला आणि तोच पडदा पैशांची थैलीही झाला. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शिक्षणासाठी उसनवारी करून का होईना, फोन घेतले गेले. शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र मुलांच्या हातात राहिले.

नव्या खेळाचा हिशेब जुन्याच्या नेमका उलटा आहे. तो फुकट मिळतो आणि मूल जितका अधिक वेळ त्यात राहील, तितके कंपनीचे उत्पन्न वाढते. त्यामुळे थांबण्याची जागा त्यातून काढून टाकलेली असते. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, एक दिवस चुकल्यास हुकणारी संधी, आत काय निघेल ते ठाऊक नसलेली विकतची पेटी आणि सतत चालू असलेली स्पर्धा. जीव गेला तरी पुढची फेरी आपोआप सुरू होते. ‘गेम ओव्हर’ ही अक्षरे आता नफ्याच्या आड येतात. जागतिक आरोग्य संघटनेने खेळांवरील ताबा सुटण्याच्या विकाराला २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. खेळण्याचे तास मोजण्यापेक्षा थांबण्याची क्षमता गेली आहे का, यावर त्या व्याख्येचा भर आहे. हाच फरक ‘आमचे काय बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर देतो. आमचे बिघडले नाही, कारण आम्हाला थांबवणारे बरेच काही खेळात आणि खेळाबाहेर होते. आजच्या मुलाकडून त्याच संयमाची अपेक्षा करताना ती सारी व्यवस्था आपण काढून घेतली आहे.

वस्तुस्थिती किती विषम आहे, हे ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालातून दिसते. १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणाच्या काही कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन वापरता येणाऱ्या मुलांत ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास. दुसरीकडे, २०२३-२४ च्या सरकारी शालेय आकडेवारीनुसार देशातील ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते. फोन घरोघरी पोहोचला, संगणक निम्म्या शाळांच्या दारात अडला. हा फरक केवळ यंत्रांचा नाही. संगणकावर काही तयार करता येते. मुलाच्या हाती असतो तो फोन बहुतेक वेळा नुसता पाहण्या-खेळण्यापुरता राहतो.

बंदीने काय साधते?

नव्या कायद्याचे स्वागतच केले पाहिजे. पैशांचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला आरोपी न मानता पीडित मानले आहे, हे विशेष. आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. त्याखाली तिरटच्या अड्ड्यावर छापा पडतो, तेव्हा पकडली जाते ती खेळणारी गरीब मंडळी. ‘कौशल्याचा खेळ’ या एका शब्दाच्या आधारे मोबाइलमधील अड्डे मात्र वर्षानुवर्षे राजरोस चालले आणि नामवंत खेळाडू व अभिनेते त्यांच्या जाहिराती करत राहिले. ती विसंगती दूर करण्याचे पाऊल उचलले गेले. कंपन्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, हेही अपेक्षितच होते.

परंतु हा कायदा पैजेच्या खेळांपुरता आहे. पैज न लावता खेळले जाणारे, पण न संपणारे खेळ त्याच्या कक्षेत ‘सामाजिक खेळ’ वा ‘ई-स्पोर्ट्‌स’ ठरून प्रोत्साहनास पात्र होतात. मुले प्रामुख्याने तेच खेळतात. शिवाय बंदीचा पूर्वानुभव बोलका आहे. ‘पब्जी’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली ती चीनसोबतच्या तणावात, देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव. मुलांचे हित हा तिचा आधार नव्हता. पुढच्याच वर्षी तो खेळ भारतीय नाव घेऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. या ये-जात मुलांच्या सवयीत काय बदलले, हे पालकांनाच विचारावे. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी फक्त एक तास ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. तशी पहारेदारी लोकशाहीत शक्य नाही आणि इष्टही नाही.

बीडसाठी तर आणखी एक पेच आहे. ऊसतोडीला गेलेले आई-वडील आणि गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल, यांच्यात सहा महिने एकच धागा असतो, तो म्हणजे फोन. रात्री फडावरून आल्यावर आईचा आवाज त्यातूनच येतो. ‘मुलांना फोन देऊच नका’ हा शहरी उपदेश या घरांना लागू पडत नाही. ज्या यंत्रात आई भेटते, त्याच यंत्रात न संपणारा खेळही आहे. त्यावर लक्ष ठेवणारी आजी बहुधा अक्षरओळख नसलेली असते. सर्वांत कमी बचाव असलेल्या घरात सर्वांत चतुर यंत्र पोहोचले आहे, हे या जिल्ह्याचे वास्तव आहे.

काय करता येईल?

पहिली अपेक्षा सरकारकडून. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. तिची काटेकोर अंमलबजावणी व्हावी. त्याच्या जोडीला, अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी खेळात थांबण्याची जागा ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. ठरावीक फेऱ्यांनंतर खेळ बंद होणे, खेळातील खरेदी पूर्णतः वगळणे, हजेरीची बक्षिसे नसणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. जे बंधन १९८५ च्या यंत्राला पाळता येत होते, ते आजच्या यंत्राला अवघड जाण्याचे कारण नाही.

दुसरी अपेक्षा शाळेकडून आणि जिल्हा परिषदेकडून. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून संगणकीय कार्यक्रम लिहायला शिकवण्याचा उल्लेख आहे. त्यासाठी महागड्या कक्षांची गरज नाही. चार-सहा साधे संगणक, त्यांना खात्रीची वीज, कक्षाची किल्ली मुलांच्या आवाक्यात आणि कंत्राट संपले म्हणून निघून न जाणारा एक शिक्षक, एवढे पुरे. चित्रांचे ठोकळे जुळवून साधा खेळ तयार करण्याची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. सहावीतील मुलीने विटी-दांडूचा किंवा सागरगोट्यांचा खेळ पडद्यावर स्वतः रचला, तर तिला एक गोष्ट कायमची कळते. पडद्यावरचे बक्षीस कोणीतरी मुद्दाम तेथे ठेवलेले असते आणि केव्हा ठेवायचे, हेही ठरवलेले असते. ही जाण कोणत्याही बंदीपेक्षा टिकाऊ आहे. हंगामी वसतिगृहांतील लांबलचक संध्याकाळी तर अशा उपक्रमासाठीच आहेत. तेथे एकेक संगणक ठेवून आधी मुलींच्या हाती दिला, तर दारात उभ्या राहिलेल्या बहिणीचे जुने येणेही काही अंशी फिटेल.

तिसरी अपेक्षा त्याच पस्तिशी-चाळिशीतील पालकांकडून आहे. तुमच्या आठवणीत नुसता मारिओ नव्हता. पुढच्याला रिमोट देणे होते, हरल्यावर उठणे होते, दहा जणांनी मिळून एका खेळावर डोके चालवणे होते. ते पुन्हा घडवणे अवघड नाही. मुलाच्या हातातील खेळ आधी स्वतः शेजारी बसून खेळून पाहावा. तो संपतो की नाही, हे तासाभरात कळते. संपणारा असेल, तर आठवड्यातून काही वेळ चार मुलांना एकत्र बसवून खेळू द्यावा. न संपणारा असेल, तर तो फोनवरून काढण्याआधी मुलाला कारण सांगावे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे कारण नव्हे; हा खेळ तुला उठू न देण्यासाठीच बनवला आहे, हे कारण आहे.

घरचा संगणक या नावाचे यंत्र बीडच्या मुलांच्या हाती एकदा आले होते आणि आपण त्याला खेळणे समजून बसलो. आज त्याच्या कैकपट शक्तीचे यंत्र घरोघरी आहे. ते खेळणेच राहणार, की मुले त्यातून काही घडवायला शिकणार, याचा निर्णय दिल्लीच्या कायद्यात होणार नाही. तो जिल्ह्यातील शाळांच्या कुलूपबंद खोल्या उघडण्याने होईल.